पेपर चौथा

पांढरकवड्याच्या कॉलेजात, पत्र्याच्या खोलीत
सोळा पोरं, आणि एक पंखा
जो फक्त खिडकीकडे पाहतो.
मी शिकवतो: इंग्रजी भाषक देश, समाज आणि संस्कृती.
पासपोर्ट माझ्याकडे नाही.
हैदराबादच्या पुढे गेलेलो नाही,
तिथंही लग्नाला.

फळ्यावर लिहितो:
तिकडे ‘कसे आहात’ हा प्रश्न नसतो.
बरं आहे म्हणायचं आणि पुढे सरकायचं.
“मंग इचारतात कायले?” तुळशीदास राठोड.
मी म्हणतो, तुझी माय रस्त्यात दिसेल त्याला
‘जेवला का’ म्हणते,
नाही म्हटलं तर ताट वाढते का?
“वाढते जी.”
खोली हसते. मी फळा पुसतो.

ऑस्ट्रेलिया एका तासात संपला.
नाताळात चाळीस अंश, जंगलाला वणवा, पाण्याची पाळी:
कोणी वहीत उतरवूनही घेतलं नाही.
इंग्लंडला मात्र तीन आठवडे लागले.
‘या ना कधीतरी घरी’, म्हणजे येऊ नका.
‘वाईट नाही’, म्हणजे उत्तम.
‘उत्तम’ म्हणजे काय, ते पुस्तकात दिलेलं नाही.
रांगेत पुढच्याच्या पाठीपासून किती लांब उभं राहायचं
हे मी लाकडी पट्टीनं दाखवलं.
शाहिस्ता म्हणाली, “राशनच्या दुकानात असं केलं
तर मधात चार जन घुसतीन, सर.”

मग प्रात्यक्षिक.
वर्गाचं दार म्हणजे लीड्समधलं घर. मी यजमान.
पाहुणी इंद्रकला आत्राम.
ती दाराशी आली, थांबली,
जराशी खाकरली,
आणि उभीच राहिली.
आतून मी म्हटलं, ठोठाव.
“कोनाच्या घराले मारू कशी, सर?”
पुन्हा शिकवलं: बोटाचं मधलं पेर, हलका हात, तीनदा.
तिनं ठोठावलं.
एखाद्या झोपलेल्या माणसाला उठवावं तसं.

जानेवारीत शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तिच्या बापाची सही राहिली होती.
डांबर संपतं, मग पऱ्हाटीतली पायवाट, मग पोड.
कॉलेजपासून सतरा किलोमीटर.
माझ्या नोकरीला एकोणीस वर्षं.
मी पहिल्यांदाच.

बांबूची तट्टी लोटलेली होती.
मी बोटाचं मधलं पेर वळवलं
आणि ठोठावलं, तीनदा.
आवाज झाला नाही. थोडी माती पडली.
आत टोपली विणता विणता तिचा बाप थबकला,
माझ्याकडे पाहून कोलामीत काहीतरी बोलला,
लांब वाक्य, शेवटी वर गेलेलं,
म्हणजे प्रश्न असावा, एवढंच मला कळलं.
एकही शब्द ओळख दाखवेना.
इंद्रकला तोंडाला ओढणी लावून हसत होती.
“बाबा इचारते, तट्टी कच्ची वाटली का तुमाले?”

मग फॉर्मवरचं इंग्रजी तिनं त्याला सांगितलं,
त्याचं मला, माझं त्याला,
मधेच कोंबडी हाकलली,
आणि कुठंही अडखळली नाही.
मी काळा चहा प्यालो.
निघताना काय म्हणतात ते विचारलं,
वहीत देवनागरीत लिहून घेतलं.
आज वाचतो, तर नुसती अक्षरं.

काल चाचणीचे गठ्ठे सोडले.
प्रश्न तिसरा: संवादातले सांस्कृतिक अडथळे
उदाहरणासह स्पष्ट करा. गुण दहा.
लीड्सचं नाव सगळ्यांच्या पेपरात आहे.
इंद्रकलानं तिच्या इंग्रजीत लिहिलंय:
आमचे सर चांगले आहेत.
ते आमच्या घरी आले आणि त्यांनी आमची भिंत वाजवली.
पुढे अर्धं पान कोरं.

स्पेलिंगच्या चार चुका. लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
वीज गेली होती. पत्र्यावर माकडांची धावाधाव.
त्या कोऱ्या अर्ध्या पानापाशी
मी जरासा खाकरलो,
आणि थांबलो.