मिठातली पानं

मिदोसुजी रस्त्यावर गिंको पिवळे झालेत
इतके की सिग्नलचा पिवळा दिवा ओशाळतो.
खाली त्यांची फळं पडून फुटलेली,
वास, खरं सांगायचं तर, ओकारीचा.
कॅलेंडरवर ही बाजू छापत नाहीत.
बँकेच्या दारासमोर एक म्हातारा
रबरी हातमोजे चढवून
तीच फळं पिशवीत भरत होता,
कुणाचीही भीडभाड न ठेवता.
आतली बी भाजून खातात, इमाझेकी म्हणाला,
मीठ लावून.

इमाझेकी व्हॉल्व्हच्या कारखान्यातला.
आठ दिवस आम्ही फक्त गळतीबद्दल बोललो:
थेंब कुठून येतो, किती दाबाला, आणि का.
शुक्रवारी म्हणाला, रविवारी मिनोला जा.
काय आहे तिथे?
धबधबा. माकडं. पानांची भजी.
मला वाटलं, त्याचं इंग्रजी घसरलं.

सुपारीच्या रंगाची गाडी, हिरव्या मखमलीच्या सीटा.
अर्ध्या तासात ओसाका विरळ होत गेलं,
वाळत घातलेल्या चादरी, मग एक झाड
एकही पान नसलेलं, नुसती केशरी फळं लगडलेलं,
जसं कुणी सगळं आवरून दिवे मालवायला विसरलं.

नदीच्या कडेने वाट चढते.
पुढे एक बाबागाडी, आत स्वेटर घातलेला कुत्रा.
माकडांना खायला देऊ नका, अशी पाटी.
माकड एकही नाही.

वळणावर हिसाएबाईंची कढई.
(नाव पाटीवर होतं, शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं.)
पान पिठात बुडवायचं, तीळ, तेल,
मग दोन लांब काड्यांनी
पानाचं एकेक बोट सरळ करायचं,
झोपलेल्या बाळाची मूठ सोडवावी तसं.
मी फोनमध्ये विचारलं: ही पानं आजची?
तिने मान हलवली. फोन ओठांशी नेऊन काही बोलली.
फोन जरा थांबला, मग
बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, मराठीत:
माझा नवरा मिठात आहे.

मी हसले.
मी हसले म्हणून तीही हसली.
मग पुन्हा बोलली, सावकाश, तुकड्या-तुकड्याने.
ही पाने पतीने मागच्या वर्षी तोडली.
वर्षभर मिठात राहतात.
तो जूनमध्ये संपला.
यंत्राला दुसरा शब्द सापडला नसेल.
दुसरा नकोच होता.

निळ्या पिंपाचं झाकण तिने उचललं.
धोंड्याखाली दडपलेली, रंग सोडलेली, ओली पानं.
चार बोटं उरली होती. चार बोटंच तिने दाखवली.
शेजारी दुसरं पिंप, काठोकाठ. मुलाने तोडलेली.
त्यातलं एक पान तिने उजेडात धरलं:
देठ तुटका.
देठाशिवाय पान धरणार कशाला?
यावर तिने जे तोंड केलं
त्याला फोन लागला नाही.

पानाला चव नसते. चव तिळाची, साखरेची.
अगदी शेवटी, देठाशी, दातांना लागतं ते मीठ.

धबधबा पाहिला. तो पडत होता.
माझ्या हातात कागदी पिशवी, तेलाने पारदर्शक झालेली,
तिच्यातून दरी पाहिली तर
सगळे लाल डोंगर पिवळे दिसत होते.

परतीच्या गाडीत समोर एक विद्यार्थी पेंगत होता,
मांडीवर दप्तर, तोंड उघडं.
मला उगाच वाटलं, हे जपानीत कसं म्हणत असतील?
फोनशी पुटपुटले: खाल्ल्या मिठाला जागावं.
आवाज कमी करायचा राहिला.
त्या शांत डब्यात फोन खणखणीत काही बोलला.
उलटं मराठीत आणून पाहिलं:
मीठ खाल्ले असेल तर झोपू नका.

पोरगा दचकला. माझ्याकडे पाहिलं,
पाठ ताठ केली, दप्तर सारखं केलं,
आणि उमेदा येईपर्यंत
खरंच जागा राहिला.
मीही.