फुंकर घालू नकोस

उणे छत्तीस. पाच वाजायला वीस मिनिटं.
तेमिरताउमध्ये पोलाद कारखान्याचा धूर
सरळ उभा आहे, हलायची हिंमत नाही त्यालाही.
आणि आमच्या पांढऱ्या लाडाची
दातखीळ बसली आहे.

बॅटरी गोणपाटात गुंडाळून माझ्या पायाशी,
रात्रभर ती आमच्या पलंगाशेजारी झोपली होती.
पण बॉनेट उघडायची कळ गाडीच्या आत,
आणि आत जायची वाट या कुलपातून.
किल्ली अर्धी जाते. पुढे नाही.
जोर लावू नये. मागच्या जानेवारीत वेबरची मोडली:
अर्धी त्याच्या हातात,
अर्धी एप्रिलपर्यंत दारात.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीतली झडप उघडते.
"झाउरेश, फुंकर घालू नकोस!"

तोक्तारला मी दिसत नाही.
काचबिंदूनं आधी कडा खाल्ल्या, मग मधलं सगळं.
पण बर्फावर माझे बूट कसे कुरकुरतात त्यावरून
मी वाकले आहे की उभी, हे त्याला कळतं.
सव्वीस वर्षं ही गाडी त्याची.
मी शिकले त्रेपन्नाव्या वर्षी,
शेजारी बसून तो नुसतं ऐकायचा,
माझा गिअर चुकला की ओठ चावायचा,
जणू झिजले ते दात त्याचेच.

मी फुंकर घालते.
काय करणार? मुलांच्या गुडघ्यांवर घातली,
भाजलेल्या बोटांवर, उकळत्या चहावर.
दूध पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणे;
मी तर थंडीनं पोळलेली, लोखंडावर फुंकतेय.
कुलूप क्षणभर ओलसर होतं,
किल्ली केसभर सरकते,
आणि मग माझाच श्वास आत गोठून
तिला धरून बसतो.

"घातलीस ना?"
"नाही."
"किल्लीचा आवाज थांबला. खोटं कुणाशी बोलतेस?"

तोवर खालच्या मजल्यावरून एर्ना वेबर
किटली घेऊन आलेली, वाफाळती, रात्रीच्या झग्यावर कोट.
"ओतू का?"
"पाणी नको!" वरून गर्जना.
त्यानं वाफ ऐकली की काय, देव जाणे.
एर्ना किटलीला मिठी मारून उभी राहते.

मग खिडकीतून सुतळी उतरते. सावकाश,
भिंतीला चाचपत, दुसऱ्या मजल्यावर घुटमळत.
टोकाला त्याच्या डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली,
म्हणजे रिकामी नाही: आत स्पिरिट.
कधी भरून ठेवली? कुणाकडून मागितलं?
मी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात
साठ जणांची लापशी ढवळत असताना
हा घरात एकटा काय काय करत असतो
मला काही ठाऊक नाही.

"एक थेंब. थांब. आकडे मोज.
मग दुसरा. घाई करतेस तू नेहमी."

नेहमी. सकाळ-संध्याकाळ.
मी त्याची पापणी वर धरते, तो छताकडे बघतो,
बघत नाही, तोंड तिकडे करतो.
थेंब पडला की मी मोजते दहापर्यंत,
सहावर सोडून देते कधीकधी. त्याला माहीत होतं तर.

आज वीसपर्यंत मोजते.
हातमोजा काढलेली बोटं माझी नाहीतच आता.
तिसरा थेंब. चौथा.
कुलूप आतल्या आत काहीतरी गिळतं,
आणि किल्ली फिरते.

दार उघडतं, रबर सोलवटल्यासारखं करकरत.
बॅटरी बसवते. इंजिन पहिल्यांदा खोकतं,
दुसऱ्यांदा शिवी देतं, तिसऱ्यांदा घेतं.
एर्ना किटलीतलं पाणी फेकते, ते पडता पडताच धूर होतं.

आता दार लागत नाही.
खटका आत गोठलेला. आपटलं तरी परत येतं,
बिनबोलावल्या पाहुण्यासारखं.
"लागलं नाही," वरून.
"ऐकलं मी!"

सुतळी हिसकून घेते.
दाराच्या मुठीला एक गाठ,
दुसरी शेजारच्या सीटला, त्याच्या सीटला,
मधून माझ्या पोटावरून ताणलेली.
पहिल्या वळणाला दार बोटभर उघडतं,
सगळी थंडी आत येऊन बसते.
लापशीला उशीर होणार.
खिडकीची झडप अजून बंद झाल्याचा
आवाज आलेला नाही.