चार नळ्या

पाणी वरून आलं, पण कळलं पायाला.
ब्रेक दाबला तशी चटई पचकली,
आणि आरशाजवळच्या दिव्यातून एक थेंब
मांडीवरच्या कागदावर.
श्रावण निम्मा सरला होता. कॉलेज रोडचा सिग्नल लाल.

शोरूमवाला म्हणाला, अख्खं सनरूफच बदला,
अठ्ठेचाळीस हजार, शिवाय मजुरी.
भाऊजी म्हणाले, सिलिकॉन भरून बंद करून टाक कायमचं,
तसंही उघडतंय कोण?

खरं आहे. उघडलं ते एकदाच,
जांबोटीच्या रस्त्याला. भाची सीटवर उभी,
कमरेपासून वर आभाळात,
आणि काजूच्या एका फांदीनं
तिचा हेअरबँड काढून घेतला.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
दस्तगीर मुल्लांची शेड.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीत चूक आहे, पण वेगवेगळ्या अक्षरात.
(मला दिसतातच असल्या चुका. कोर्टात अकरा वर्षं
कन्नड कागद मराठी करते, मराठी कागद कन्नड.)

त्यांनी सनरूफ सरकवलं, चहाची किटली मागवली.
किटलीत साधं पाणी.
एका कोपऱ्यात धार धरली: मागच्या चाकाशी
लगेच टपटप.
दुसऱ्यात: टपटप.
तिसऱ्यात: थोडा विचार करून.
चौथ्यात पाणी उभंच राहिलं
आमच्याकडे बघत.

"हे पाणी अडवायला नसतंय हो," मुल्ला म्हणाले,
"रबर किती बी चांगला असू दे, आत येतंयच.
म्हणून चार कोपऱ्यांला चार नळ्या.
तुमी गाडी चालवालाय, आणि पाणी
तुमच्या कानाजवळनं, खांबातनं खाली जायलंय.
तुमाला पत्ता नाही."

माझ्या कानाजवळून काय काय गेलंय
मी त्यांना सांगितलं नाही.

पोरगा कॉम्प्रेसरची नळी घेऊन आला,
मुल्लांनी हात धरला त्याचा.
जोरानं हवा मारली की आतला सांधा सुटतो,
मग पाणी मोकळं, पण भलत्याच ठिकाणी.
त्यांनी कुठल्याशा जुन्या लुनाची
स्पीडोमीटरची तार काढली, टोक विडीच्या लायटरवर
तापवून बोथट केलं, आणि सुईणीच्या सबुरीनं
आत आत सोडत गेले.

निघालं ते असं:
कोर्टाच्या आवारातल्या चिंचेची पानं, शाडूसारखी घट्ट,
कुंभारमाशीचं अर्धं घर,
एक चिरमुरा. तो तिथं कसा, देव जाणे.
आणि डॅशबोर्डमागं नळीच उंदरानं कुरतडलेली,
बोटभर तुकडा जागेवर नाहीच.

खडेबाजारातल्या फिश टँकच्या दुकानातून
नवी आणली, मीटरला बावीस रुपये.
शेजारच्या लेथवर पितळेचा एक सांधा
चहा निवेपर्यंत कातून झाला.
पोरगा ईराण्णा, रामदुर्गकडचा, मराठी अजून कच्ची,
मला समजावत होता, बोटानं हवेत रेघ ओढून:
"नीरिगे दारि बेकु, मेडम."

पाण्याला वाट हवी.
अनुवाद सोपा, रोजचा.
पण कान माझा मराठी, त्याला आधी ऐकू आलं
दारी,
कुणीतरी दारी आलंय,
आणि आपण आतून रबर लावत बसलोय.

परत किटली. परत चौथा कोपरा.
आम्ही तिघं वाकून चाकामागं बघत राहिलो,
मांडीवर हात टेकून, जशी माणसं
बोअर मारताना बघतात.
आलं.
आधी काळं, मग तांबडं, मग पाण्यासारखं.

सातशे ऐंशी रुपये झाले. मुल्ला म्हणाले,
चिंचेखाली लावू नका गाडी.
पण कोर्टात सावली तेवढीच आहे.

कुबट वास अजून जात नाही.
सीटखाली कॉफीची पूड ठेवलीय वाटीत.
भिजलेला जबाब दोरीवर वाळवला;
शाई फुटलेल्या जागी कुठला शब्द होता
ते हलग्याच्या कोंडूबाईंना परत विचारायला हवं.
काल गोवावेसला चांगलाच कोसळत होता.
मी रेडिओ बंद केला, काच वर केली,
खांबाला कान लावला.

काहीच ऐकू आलं नाही.
म्हणजे जात असणार.