दर्शनी जाळी

आठ स्क्रू, अकरा क्लिपा.
त्यातली एक मोडणारच, वाझा म्हणाला होता,
आणि मोडली.
बाबानं शिवी अर्धी गिळली,
वर खिडकीत लामारामावशी होती.

रुस्तावी. सातव्या ब्लॉकचं मागचं अंगण.
गाडी अमेरिकेतल्या लिलावातली, बोटीतून आलेली,
डावा गाल चेपलेला, बॉनेट घडी घातल्यासारखं.
पैसे आईचे. बारी शहरात
एका परक्या म्हातारीला न्हाऊ-माखू घालून जमवलेले.
फोटो बघून तिनंच सांगितलं होतं, हीच घ्या,
हिचं तोंड हसरं आहे.

तेच तोंड आज उतरवायचं.
क्रोम नको, बाबा म्हणतो. काळं. मॅट.
का, ते सांगत नाही.
मी टॉर्च धरतो.
लोण्याच्या सुरीला आईचा जुना मोजा गुंडाळून
तो जाळी उचकटतो, दाढ काढावी तशी,
आणि खट्कन ती मांडीवर येते.

मागे केवढं सामान!
वाळकं गवत, कणसाची सालं,
आणि एक टोळ, अख्खा, पाय दुमडलेला,
असला पिवळा आमच्याकडे नसतो.
केतोनं तो काडेपेटीत ठेवला.
बाबा म्हणाला, आधी त्याचा व्हिसा बघ.
त्या आठवड्यातला त्याचा पहिला विनोद.

सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून.
क्रोमवर रंग धरत नाही,
आधी त्याची चकाकी मोडावी लागते.
हे वाझा म्हणाला, मग सगळं अंगण म्हणालं,
चार डॉमिनो खेळणारे, एक नुसता बघणारा,
मतं पाच, मदतीला कुणी नाही.
घासली. घासली.
टबातलं पाणी करडं झालं
आणि खाली प्लास्टिक निघालं.
एवढंच? मी म्हणालो.
एवढंच, बाबा म्हणाला,
आणि बराच वेळ अंगठ्यानं ते चोळत बसला.

टांगायची कुठे?
गॅलरीपासून समोरच्या खांबापर्यंत
कप्पीवर फिरणारी कपड्यांची दोरी आहे.
तिच्यावर लामारामावशीच्या चादरी, केतोचा शाळेचा शर्ट,
आणि मधोमध ही.
दोरी ओढून जवळ घ्यायची, फवारायची, ढकलून द्यायची.
पातळ हात, वीस मिनिटं.
पातळ हात, वीस मिनिटं.
तिसऱ्या हाताला वारा सुटला
आणि पांढऱ्या चादरीवर बारीक काळी पुरळ उठली.

लामारामावशी ओरडली,
गाडीचं तोंड काळं केलंस ते केलंस,
माझ्या चादरीनं काय पाप केलं होतं रे, गुराम?

बाबा गाडी कामावर नेत नाही, पेट्रोल महाग.
रात्रपाळीहून पायीच येतो.
कोपऱ्यावर वळलं की दिव्याच्या उजेडात ती जाळी चमकायची
आणि तो चटकन वर बघायचा, आमच्या खिडकीकडे.
मी असायचो तिथे. मागे हटायचो.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल.
मोडक्या क्लिपेच्या जागी तार पिळून जाळी बसवली होती.
मी फोन फिरवला.
ती गप्प. तिच्या मागे ती म्हातारी खोकली.
कुणाची गाडी?
आपलीच.
परत गप्प. मग म्हणाली, तार दिसतेय.
बाबा म्हणाला, उद्या बघतो.
का रंगवलीत, तिनं विचारलं.
उरला होता रंग, तो म्हणाला,
आमच्याकडे रंग कधीच नव्हता.

सकाळी तो नखांतलं काळं काडीनं कोरत होता.
जाळीच्या आतल्या कडेला, खाली,
बोटभर क्रोम तसंच राहिलंय. मी दाखवलं.
त्यानं वाकून पाहिलं.
डबा कानाशी धरून हलवला, आतली गोळी खुळखुळली,
रंग होता अजून.
त्यानं झाकण लावलं.