कोण येणार हाय?

मालगाडीला वेळ नसते,
कारणं असतात.
एवढं कळायला मला तीन वर्षं लागली
आणि दोनशे पानी दोन वह्या.

दर रविवारी पिरनवाडीहून स्कुटी काढते,
थर्मास, छत्री, डब्यात शेंगांची पोळी,
आणि देसूरच्या फाटकापाशी लावते.
येणारे-जाणारे थांबतात. कोण येणार हाय ओ?
कोणी नाही, म्हणते. टँकर.
मग ते आधी माझ्या गळ्याकडे बघतात,
मग वहीकडे,
आणि सायकल रेटत पुढं जातात.

पॅसेंजर गाड्या फोनवर दिसतात, मिनिटासकट.
चन्नम्मा कुठं पोचली, गोवा किती लेट.
मालाचं तसं नसतं.
माल म्हणजे दोन गाड्यांच्या मधली फट.
ती आधी शोधायची,
मग तिच्यात काय मावतंय ते बघायचं,
लोंढ्याहून निघाली असं धरायचं,
इदलहोंडला बाजूला घातली तर चाळीस मिनिटं वर,
आणि भर दुपारी कामगारांनी ब्लॉक घेतला
तर खोडरबर.

पण खरी खूण रुळांवर नसतेच.
डेपोच्या भिंतीला ट्रकवाले टेकून बसतात.
त्यांनी कांदा चिरायला घेतला की समजायचं, आज नाही.
भांडी विसळून स्टोव्ह केबिनमध्ये टाकला
की दोन तासांत.
हे मला इनास बारदेशकरनं शिकवलं,
तेवीस वर्षं गेटवर पावत्या फाडत बसलेला माणूस.
म्हणायचा, बाय, कंट्रोलवाले काय बी सांगतील,
पोट खोटं सांगत नाही.

निंगाप्पा फाटकवाल्याचं शास्त्र निराळं.
ईगं बरंगिल्ल री अक्कार, म्हणतो,
आणि म्हणता म्हणता हिरवी झेंडी काखेत घेतो.
मी हल्ली त्याच्या तोंडाकडे बघतच नाही,
काखेकडे बघते.

गेल्या रविवारी माझ्या हिशोबानं दोन चाळीस.
स्टोव्ह गुंडाळलेले. आभाळ कोरडं.
तीन वाजले. एक शेळी रूळ ओलांडून गेली
आणि काहीतरी विसरल्यासारखी परत आली.
चार.
काख रिकामी.
वहीत मी दोन चाळीसवर काट मारली,
त्यावर परत दोन चाळीस लिहिलं,
काय करणार, हिशोब बरोबर होता.

पाच दहाला आली. टँकर नव्हतेच.
बंद डबे होते, आणि आले ते बेळगावच्या बाजूनं,
जिकडे मी पाठ करून बसले होते.
थांबायचं नाव नाही. पायाखाली खडी थरथरली,
सिमेंटची धूळ पोळीवर आली,
उठून मोजायला लागले, सात, आठ, नऊ,
ओठ हलत होते, आवाज कुणाला ऐकू येणार.
बेचाळीस.
आणि हात आपोआप वर गेला.

शेवटी गार्डचा डबा असतो.
गार्ड असतो, खुर्ची टाकून बसलेला,
बनियनवर, कधी पेपर वाचत.
तो हात करतो. मी करते.
वहीत त्याला रकाना आखला नव्हता कधी,
तसं त्यात लिहिण्यासारखं काय असतं?
या वेळी डबाच नव्हता.
शेवटच्या वाघिणीच्या पाठीला एक पेटी अडकवलेली,
तिच्यात लाल दिवा लुकलुकत होता,
कुणासाठी नाही असा, नेमानं.

निंगाप्पानं तिलाही झेंडी दाखवली,
पार वळणाआड जाईपर्यंत.
कुणाला दाखवलास?
झेंडी गुंडाळत म्हणाला, हात तो. त्याला कुठं म्हायती.

मागं भिंतीपाशी
स्टोव्ह परत खाली उतरला होता.
पंप मारल्याचा आवाज, रॉकेलचा वास,
आणि कोणीतरी सुरी शोधत होतं.
म्हणजे आज टँकर नाहीत.
वही मिटली.
थर्मासमध्ये अजून एक कप होता.
बसले.