दिवसातून सहा पूर

प्लोव्दिवच्या या प्रयोगशाळेत बरण्या धुवायला
रादोय येतो. आधी तो तुंजा नदीच्या दलदलीत
कोकिचेची पानं कापायचा,
पांढऱ्या लोंबत्या घंटांची ती झाडं.
गुडघाभर चिखल, विळा, पोटरीला जळवा.
"कांद्याला हात लावायचा नाही," बाप बजावायचा,
"तो पुढच्या सालचा."
लोकांनी लावला. मग बंदी आली. मग रादोय इथे.

मी पातं ज्योतीवर धरते,
कांद्याचा नखाएवढा तुकडा कापते,
आगरच्या गार थरावर ठेवते.
महिन्याभरात त्याचा होतो गोळा,
पिवळट, भुसभुशीत, कुणाचाच नाही.
रादोय बरणी उजेडात धरतो.
"हे तर विसरलंय, आपण कोण ते."

म्हणूनच यात औषध नाही, मी सांगते.
जवळजवळ नाही. आलेखावर
जिथे शिखर हवं तिथे नुसती सपाट रेघ.
संप्रेरकाचं प्रमाण बदलायचं, वाट बघायची;
कोंब फुटले, हिरवे झाले,
की मगच ते कडू द्रव्य धरतं
ज्याची गोळी म्हाताऱ्यांना
मुलांची नावं थोडे दिवस जास्त राखून देते.
थोडेच दिवस.
पाकिटावर तसं लिहीत नाहीत.

तो ओले हात ॲप्रनला पुसतो.
"आणि पाणी?"
मी पंप दाखवते. दर चार तासांनी
हवा खालचं द्रावण वर ढकलते,
कोंब बुडतात,
दहा मिनिटांनी पाणी उतरतं.
"म्हणजे पूर," तो म्हणतो. "दिवसातून सहा."
मग जरा वेळानं, नळाखाली ब्रश फिरवत,
"आमच्याकडे मार्चात एकच यायचा.
वर्षभर पुरायचा."

शुक्रवारी दोनशे बारा नंबरात बुरशी दिसली,
काचेच्या कडेला राखाडी लव.
नियम असा की वाफेत शिजवायची, फेकायची.
मी वहीत 'बाद' लिहिलं, सही केली,
ट्रॉलीवर ठेवली आणि घरी गेले.

सोमवारी फळीवर दोनशे बारा होती,
लखलखीत, पालथी.
वाफेच्या यंत्राच्या फितीवर
शुक्रवार कोरा.
मी काही विचारलं नाही.
दारापाशी त्याचे बूट, घोट्यापर्यंत चिखल,
आणि तो आपणहून म्हणाला,
येल्होवोची बस उशिरा सुटली,
नदी चढतेय.