सर्व ठीक

सहाला कचेरी सुटते.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला येतो.
बॅटरी, शिट्टी आणि एक वही,
तिच्यात दर तासाला लिहायचं: सर्व ठीक.

आत कागद निजलेले,
रुमालांत गाठी मारून, फळीफळीवर.
मोडी मला येत नाही, इंग्रजी जेमतेम.
पण पिंगळेबाई दिवसभर इथं वाचत बसतात.
मागच्या शिमग्याला त्यांनी एक जाड रजिस्टर उघडलं
आणि विचारलं, "मदने, तुमचं गाव कुठलं हो?"

मी म्हटलं, परिंच्याच्या वरची वाडी.
त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, आणि मग
वाचावं की नको, असं तोंड केलं.

भुजंगा वल्द यशा. जात रामोशी.
वय अंदाजे चाळीस. उजव्या भुवईवर वण.
रात्री तीनदा हजेरी.
धंद्याच्या रकान्यात एकच शब्द: चोर.

आजोबांचा बाप.
त्यांच्या भुवईचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

*

रात्री फेरी मारताना मी मागे मागे जातो.

चोर ठरायच्या आधी तो गाव राखायचा.
वेशीवर घोंगडी, हातात काठी.
चोरी झाली तर माग काढायचा ओल्या मातीत,
माग हरवला तर भरपाई पदरची.
सुगीत चार पायल्या, दसऱ्याला मान.

मग वाड्यावरचं निशाण बदललं.
त्यानंतर साखळी ओढत गोरा मोजणीदार आला.
त्यानं डोंगर मोजला, ओढा मोजला,
बांधावरची आंब्याची झाडंसुद्धा मोजली.
रात्र काही साखळीत मावेना.
तेव्हा त्यानं रात्रीच्या माणसांची यादी केली.

त्याच्याही आधी, म्हणतात,
या कसब्यावर गाढवांचा नांगर फिरला होता.
फाळाखाली काय काय आलं
त्याची नोंद कुणी ठेवलेली दिसत नाही.

आणखी मागे, तांब्याचा पत्रा.
देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं गोत्र आहे,
पूर्वेला काय, पश्चिमेला काय, सगळं कोरलंय.
शेवटी, जमीन हिसकेल त्याला शाप.
पण ती सीमा दाखवायला पुढं कोण चालत गेलं असेल,
काटे तुडवत, इथून इथपर्यंत म्हणत?

आणि त्याच्याही पलीकडे फक्त नदी.
नाव नसलेली, पूल नसलेली.

माझी पोरगी शाळेतून सहलीला गेली होती,
तिथं कपाटात दगडाची कुऱ्हाड ठेवलीय,
मुठेच्या वाळूत सापडलेली.
घरी येऊन म्हणाली, बाबा, ती माझ्या मुठीत बसली असती.
काचेला हात लावला
तर तिथला वॉचमन खेकसला.

मी म्हटलं, त्याचं कामच आहे ते.
नंतर कितीतरी वेळ
मलाच ते बोलणं घशाखाली उतरेना.

*

पिंगळेबाई म्हणाल्या, नक्कल हवी तर अर्ज करा.
केला नाही.
घरात लावायची कुठं, खंडोबाशेजारी?
एकदा मनात आलं, पान फाडावं. किल्ली माझ्याकडेच.
फाडलं असतं
तर रजिस्टर खरं ठरलं असतं.

एजन्सीनं दाराशी यंत्र बसवलंय.
दहाला, एकला, चारला अंगठा टेकवायचा,
नाहीतर रोज कापतात.
रात्री तीनदा.
पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी एकटाच हसलो,
बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं.

आता वाळवीचे दिवस आहेत.
त्या फळीपाशी मी जरा जास्त थांबतो,
भिंतीला हात लावून ओल बघतो,
डांबरगोळ्या संपल्या तर माझ्या पैशाच्या आणतो.
भुजंगा आत आहे.
कोरडा राहायला हवा.

चार वाजले. अंगठा दिला.
वहीत लिहिलं.